क्लाउड सेवेतील दीर्घ मुदतीची हमी : बचत कोठे, तोटा कोठे

दाखले, विद्यार्थ्यांच्या नोंदी, महाविद्यालयीन प्रवेश, ग्रामपंचायतींचे जमाखर्च अशी कितीतरी कामे आज संगणकावर होतात. मात्र ज्या संगणकात ही माहिती साठविलेली असते तो त्याच कार्यालयात असेलच असे नाही. पुष्कळदा तो एखाद्या सेवा कंपनीच्या दूरच्या माहिती केंद्रात असतो आणि त्याची शक्ती तासाच्या हिशेबाने भाड्याने घेतली जाते. यालाच ‘क्लाउड’ म्हणतात. अ‍ॅमेझॉन कंपनीने २००६ साली अशी सेवा सुरू केली आणि २०१६ मध्ये मुंबई परिसरात आपली केंद्रे उघडली. त्याच्या आदल्या वर्षी मायक्रोसॉफ्टने पुणे, मुंबई व चेन्नई येथे केंद्रे सुरू केली होती. महाराष्ट्र शासनाने जानेवारी २०१८ मध्ये सार्वजनिक क्लाउड सेवेच्या वापराचे धोरण जाहीर केले. तेव्हापासून हा खर्च शासकीय अंदाजपत्रकाच्या विचारातही आला आहे.

‘वापराल तेवढेच पैसे’ हे या सेवेचे मुख्य आकर्षण होय. यंत्र विकत घ्यावे लागत नाही, त्यासाठी वातानुकूलित खोली लागत नाही. परंतु या सोयीचा दर चढा असतो. रोज गाडीने जाणाऱ्या माणसाने दररोज खिडकीवर तिकीट काढावे, तसा हा व्यवहार आहे. नियमित प्रवाशाला पास स्वस्त पडतो. आणि क्लाउड कंपन्यांनीही असा पास ठेवला आहे. ग्राहकाने एक किंवा तीन वर्षे ठराविक वापराची हमी द्यावी आणि त्या बदल्यात दरात सूट घ्यावी, असे त्याचे स्वरूप आहे. अ‍ॅमेझॉनने २००९ मध्ये ‘रिझर्व्ह्ड इन्स्टन्स’ या नावाने अशी योजना आणली. तीत विशिष्ट प्रकारच्या यंत्राची हमी द्यावी लागे. नोव्हेंबर २०१९ मध्ये आलेल्या ‘सेव्हिंग्ज प्लॅन’मध्ये यंत्राऐवजी दर तासाला अमुक रकमेचा वापर करू, अशी हमी द्यावयाची असते. कंपनी जास्तीत जास्त ७२ टक्क्यांपर्यंत सूट जाहीर करते. पण ती तीन वर्षांच्या व सर्वांत कमी लवचिक प्रकारासाठी असते. एका वर्षाच्या हमीवर पुष्कळच कमी सूट मिळते, हे ७२ चा आकडा वाचताना ध्यानात ठेवावे. अझूर व गूगल क्लाउड यांच्याकडेही एक व तीन वर्षांच्या अशाच योजना आहेत.

न वापरलेला तास

हमी दिली की बचत झाली, असा समज सर्रास आढळतो आणि तोच महाग पडतो. एक साधा हिशेब पाहू. एका यंत्राचे भाडे ताशी १० रुपये आहे असे धरू. वर्षाचे तास ८,७६०. यंत्र अखंड चालू राहिल्यास वर्षाचे ८७,६०० रुपये होतात. ४० टक्के सुटीची हमी घेतली तर दर ६ रुपये व वार्षिक खर्च ५२,५६० रुपये. बचत ३५,०४० रुपयांची. येथवर सर्व ठीक आहे.

आता हेच यंत्र कार्यालयीन वेळेपुरते, रोज दहा तास व वर्षातून २५० दिवस लागते असे समजू. वापर झाला २,५०० तासांचा. नेहमीच्या दराने, काम संपताच यंत्र बंद करीत गेल्यास २५,००० रुपये पुरले असते. हमी दिल्यामुळे मात्र ५२,५६० रुपये भरावेच लागतात. सूट घेऊन खर्च दुपटीहून अधिक झाला! ४० टक्के सूट असेल तर ६० टक्क्यांहून अधिक वेळ, म्हणजे दिवसाला सरासरी १४.४ तासांहून जास्त, यंत्र चालणार असेल तरच हमी फायद्याची ठरते.

सेव्हिंग्ज प्लॅनमध्ये तर हिशेब तासागणिक मिटतो. ताशी १०० रुपयांची हमी असेल आणि रात्री दोन वाजता ४० रुपयांचाच वापर झाला, तर उरलेले ६० रुपये त्या तासाबरोबर संपले. दुपारी गर्दी वाढून वापर १०० रुपयांच्या वर गेला, तर वरच्या भागाला नेहमीचा चढा दर लागतो. रात्रीचे ६० रुपये तेथे कामी येत नाहीत. कालव्याच्या पाणीपाळीत ज्याने आपल्या वेळी दारे धरले नाही, त्याचे पाणी पुढे निघून जाते. त्यातलाच हा प्रकार आहे.

हमी किती द्यावी

यासाठी वापराचा तळ शोधावा लागतो. दहावी-बारावीच्या निकालाच्या दुपारी निकाल दाखविणाऱ्या संकेतस्थळावर जी झुंबड उडते ती काही तासांची असते. प्रवेशाचा हंगाम काही आठवड्यांचा असतो. खरिपाच्या पीककर्जाच्या दिवसांत सातबाराची मागणी वाढते. ही शिखरे नेहमीच्या दराने भागवावीत. मध्यरात्री आणि सुटीच्या दिवशीही ज्याच्या खाली वापर जात नाही, तेवढ्याच भागाला हमी द्यावी; तीही पूर्ण न देता थोडी कमीच.

कंपनीची संगणकप्रणाली किती हमी घ्यावी याची शिफारस आपण होऊन करते. ही सोय उपयुक्त आहे, परंतु अ‍ॅमेझॉनच्या बाबतीत ती मागील ७, ३० किंवा ६० दिवसांच्या वापरावर आधारलेली असते. ते ३० दिवस नेमके प्रवेशाच्या हंगामातील असले तर फुगलेला वापर पायाभूत मानला जातो. विक्रेत्याच्या तराजूवर आपले माप ठरवू नये, असे कोणताही भांडार अधिकारी सांगेल.

हमीपूर्वी साफसफाई करणे त्याहून महत्त्वाचे आहे. संपलेल्या प्रकल्पाची चालू राहिलेली यंत्रे, गरजेपेक्षा मोठी घेतलेली यंत्रे, चाचणीसाठी उघडून विसरलेली यंत्रे आधी बंद किंवा लहान करावीत. हा क्रम उलटा झाला, तर अपव्ययावरच तीन वर्षांचे शिक्कामोर्तब होते. शिवाय सेव्हिंग्ज प्लॅनची सूट मुख्यतः संगणनशक्तीवर मिळते. यंत्राला जोडलेली साठवणूक व बाहेर जाणारी माहिती यांचे बिल तिच्यामुळे कमी होत नाही.

आगाऊ रक्कम आणि जबाबदारी

रक्कम भरण्याचे तीन पर्याय असतात : सर्व आगाऊ, काही आगाऊ, किंवा दरमहा. सर्व आगाऊ भरल्यास सूट थोडी वाढते. शासकीय कार्यालयांना मात्र हा मार्ग सहसा मोकळा नसतो. केंद्र शासनाच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतील नियम १७२ अन्वये सेवा मिळाल्यानंतरच पैसे देणे हा सर्वसाधारण दंडक असून, खाजगी कंपनीला द्यावयाच्या आगाऊ रकमेवर ३० टक्क्यांची मर्यादा घातलेली आहे. राज्याच्या कार्यालयांनी आपापले वित्तीय नियम पाहणे अगत्याचे आहे. दरमहा भरण्याचा पर्याय निर्धोक वाटतो, पण आगाऊ काही न देणे म्हणजे देणे नसणे नव्हे. तीन वर्षांच्या छत्तीस बिलांचे दायित्व हमी देतानाच पत्करलेले असते. पुढच्या वर्षी तरतूद कमी मंजूर झाली म्हणून ते कमी होत नाही. परतीची सोयही बेताचीच. ताशी १०० डॉलरपर्यंतचा सेव्हिंग्ज प्लॅन सात दिवसांच्या आत, तोही त्याच महिन्यात, परत करता येतो, त्यानंतर नाही.

म्हणून सर्व हमी एकाच दिवशी न घेता तिमाहीगणिक थोडी थोडी घेणे शहाणपणाचे. पहिल्या हप्त्याचा पूर्ण उपयोग होतो किंवा नाही हे पाहूनच दुसरा घ्यावा. असे केल्याने मुदतीही एकदम संपत नाहीत. राज्याच्या २००५ च्या बदल्यांच्या अधिनियमानुसार अधिकाऱ्याचा एका पदावरील सर्वसाधारण कार्यकाळ तीन वर्षांचा आहे आणि मोठ्या हमीची मुदतही तेवढीच. निर्णय घेणारा अधिकारी ती संपताना त्या खुर्चीवर नसण्याचाच संभव अधिक. मुदत संपल्यावर यंत्रे बंद पडत नाहीत. ती पूर्ववत चालू राहतात, फक्त दर मुकाट्याने पूर्वीइतका चढा होतो आणि कोणाची तक्रार येत नाही. यास्तव प्रत्येक हमीची ताशी रक्कम, सुरुवातीची व अखेरची तारीख आणि ती कोणत्या वापराच्या आधारे घेतली याची नोंद नोंदवहीत करून, कार्यभार सोपविताना ती नव्या अधिकाऱ्याच्या सहीने हस्तांतरित करावी.