थोरला सर्व्हर, धाकटा सर्व्हर

पोरी, डेटाबेस सांभाळायचं काम तुझ्याकडे आलं म्हणालीस, म्हणून हे लिहून ठेवते. आमच्याकडे प्रायमरीला थोरला म्हणायचे आणि स्टँडबायला धाकटा. दोघांचा स्कीमा एकसारखा राहिला की अर्धं काम झालं. मी पोस्टग्रेस सांभाळलं, तेव्हा सांगते तेही त्याचंच.

१. पहिल्याच दिवशी विचार, रेप्लिकेशन कुठलं आहे – स्ट्रीमिंगमध्ये स्कीमाचे बदल आपोआप उतरतात. २०१७ साली आवृत्ती १० मध्ये आलेल्या लॉजिकलमध्ये फक्त ओळी जातात, ऑल्टर टेबल थोरल्याकडेच राहतं.

२. लॉजिकल असेल तर नवा कॉलम आधी धाकट्याकडे टाक, मग थोरल्याकडे – उलट केलंस तर आलेल्या ओळीला बसायला जागा नसते आणि रेप्लिकेशन अडतं. काढताना थोरल्याकडचा आधी. आधी पाट मग ताट, उचलताना आधी ताट मग पाट. आणि धाकट्याकडे टाकताना डीफॉल्ट दिल्याशिवाय नॉट नल लावू नकोस, घाई तुझी जुनी आहे – थोरल्याकडून तो कॉलम येईपर्यंत प्रत्येक नवी ओळ दारातच अडेल.

३. नवं टेबल दोन्हीकडे करून सबस्क्रिप्शन रिफ्रेश कर – पब्लिकेशन 'सगळ्या टेबलांसाठी' असलं तरी धाकट्याला सांगावंच लागतं.

४. प्रायमरी कीशिवाय टेबल ठेवू नकोस – लॉजिकलमध्ये नव्या ओळी बिनबोभाट जातात, आणि पहिलं अपडेट थोरल्यावरच चूक दाखवून थांबतं.

५. ऑल्टर चालवण्याआधी लॉक टाइमआउट लाव, दोन-चार सेकंदांचा – एखाद्या लांबलेल्या क्वेरीमागे तुझं ऑल्टर खोळंबलं, की त्याच्यामागे सगळं गाव रांगेत.

६. धाकटा बंद केलास तर त्याचा रेप्लिकेशन स्लॉट त्याच दिवशी काढ – स्लॉट असेपर्यंत थोरला त्याच्या वाटणीचा वॉल, म्हणजे बदलांची नोंदवही, साठवत बसतो. एका दिवाळीत माझ्याकडून तो राहिला, आणि भाऊबीजेच्या सकाळी डिस्क भरून थोरलाच आडवा झाला. ओवाळणीचं तबक तसंच ठेवून मी लॅपटॉप उघडला. आवृत्ती १३ पासून या साठ्याला मर्यादा घालता येते, ती घाल. मर्यादा ओलांडली तर धाकटा नव्याने उभा करावा लागेल, पण थोरला वाचेल.

७. दोघांची ऑपरेटिंग सिस्टिम एकाच आवृत्तीची ठेव – २०१८ मध्ये लिनक्सच्या ग्लिबसी २.२८ ने अक्षरांची क्रमवारी बदलली; स्ट्रीमिंगमध्ये इंडेक्स जुन्या क्रमाचा आणि वाचणारा नव्या क्रमाचा झाला, की असलेली ओळही 'नाही' म्हणून उत्तर येतं.

८. दर सोमवारी दोन्हीकडून पीजी डंपने नुसता स्कीमा काढ आणि डिफ लावून बघ – रात्री दोनला कुणीतरी घाईत टाकलेला इंडेक्स असाच सापडतो.

९. लॉजिकलवर धाकट्याला गादीवर बसवायची वेळ आली, तर सिक्वेन्स पुढे सरकवून घे – मी वापरलेल्या आवृत्त्यांत त्यांचे आकडे इकडून तिकडे जात नसत, आणि पहिल्याच नोंदीला जुना क्रमांक पुन्हा निघायचा.

१०. धाकटा म्हणजे बॅकअप नव्हे – स्ट्रीमिंगमध्ये चुकून केलेलं ड्रॉप टेबलही तो तितक्याच निष्ठेने करतो. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबमध्ये धाकट्याचं समजून थोरल्याचंच डेटाचं फोल्डर पुसलं गेलं. तिथले लोक रोजचा डंप बघायला गेले तर तो होतच नव्हता, सर्व्हर ९.६ चा, डंपचं साधन ९.२ चं, आणि बिघाडाची ईमेलं वाटेतच नाकारली जात होती. त्याच्या सहा तास आधी कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेली प्रत होती, तीच कामी आली. हे त्यांनी स्वतः उघडपणे लिहिलं, म्हणून आपल्याला शिकता आलं.

११. म्हणून महिन्यातून एकदा बॅकअप रिकाम्या मशीनवर खरोखर उतरवून बघ, आणि किती मिनिटं लागली ते वहीत लिही – तो आकडा साहेब नेमका गडबडीत विचारतात. पहिल्यांदा करशील तेव्हा शनिवारी कर आणि मला फोन लाव. मी चहा घेऊन बसते, तू स्क्रीन वाचून दाखव.