धसका एकट्याचा नसतो

पूर ओसरला की पंचनामे होतात. किती भिंती पडल्या, किती जनावरं गेली, शेतात किती गाळ साचला, सगळं कागदावर येतं. झोप उडालेल्या माणसाची नोंद मात्र कुठेच होत नाही. २०१९ च्या महापुरानंतर आमच्या घरात जे झालं ते म्हणूनच लिहिते आहे. सातारा-सांगलीकडच्या दुसऱ्या एखाद्या घराला त्यातून वेळेवर वाट सापडावी.

आमचं गाव पलूस तालुक्यात, कृष्णाकाठी. त्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. माझ्या सासऱ्यांनी, आण्णांनी, छातीइतक्या पाण्यात उभं राहून जनावरांची दावी सोडली. दोन म्हशींपर्यंत त्यांना पोचता आलं नाही. त्या दाव्यालाच गेल्या. ८ ऑगस्टला जवळच्या ब्रह्मनाळमध्ये गाव सोडून निघालेल्या लोकांची बोट उलटली, आणि तेव्हापासून आमच्या भागात होडीत पाय ठेवताना माणूस थबकतो. आम्ही सगळे सुखरूप निघालो. जो तो म्हणायचा, माणसं वाचली, बाकीचं मिळवता येतं. आण्णाही तेच म्हणायचे.

त्यानंतर कित्येक महिने घरात सगळ्यात खंबीर तेच होते. गाळ काढला, गोठा उभा केला, अनुदानासाठी तलाठ्याकडे खेटे घातले. कामं संपली आणि मग सुरू झालं. रात्री उठून गोठ्यात जायचे आणि सगळी दावी सोडून द्यायचे. जनावरं शेजाऱ्याच्या उसात शिरायची, सकाळी भांडणं. नदीकडच्या रानात जाणं त्यांनी बंद केलं. झोप लागावी म्हणून थोडी दारू घेऊ लागले, ती वाढत गेली. त्याच दिवसांत माझा मुलगा पुन्हा अंथरूण ओलं करू लागला होता. आणि हे, म्हणजे माझा नवरा, पावसाळाभर दर तासाला मोबाइलवर पाण्याची पातळी बघत बसायचे. आम्ही या तिन्ही गोष्टी वेगळ्या धरल्या होत्या: म्हाताऱ्याचा हट्ट, पोराचा आळस, नवऱ्याची सवय. पण धसका एकच होता आणि तो तिघांत वाटला गेला होता.

उपाय झाले नाहीत असं नाही. देवऋषी झाला, अंगारा झाला. एका डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या, त्या महिनोन्‌महिने चालू राहिल्या. सगळ्यात जास्त त्रास दिला तो विचारपूस करणाऱ्यांनी. पाहुणे यायचे, कोणी माहिती घ्यायला यायचं, आणि प्रत्येकाला म्हशींची गोष्ट पहिल्यापासून ऐकायची असायची. आण्णा सांगायचे आणि ती रात्र जागून काढायचे. माझं कळकळीचं सांगणं आहे, संकटातून आलेल्या माणसाला खोदून विचारू नका. तो आपणहून बोलला तर ऐका, मध्ये थांबला तर थांबू द्या. आधी जेवण, कोरडी जागा, घरचं माणूस सोबत आणि खरी माहिती, एवढं द्या. आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात झोपेच्या-गुंगीच्या गोळ्या सर्रास देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या सूचना सांगतात. अंथरूण ओलं करणाऱ्या मुलाला शिक्षा करू नये, हेही त्यांत आहे.

शेवटी आम्ही मानसोपचार तज्ज्ञांकडे गेलो. ‘मला काय वेड लागलंय?’ असं आण्णा म्हणणार हे ठाऊक होतं. म्हणून आम्ही आजाराचं नावच काढलं नाही. ‘झोप येत नाही ना, त्यासाठी जाऊ,’ म्हटलं. ते खरंच होतं आणि त्यांना पटणारं होतं. तुमच्या माणसाला स्वतःला जे सलतं तेच कारण धरून त्याला न्या. डॉक्टरांनी सगळ्या घरालाच बोलावलं. झोपेच्या गोळ्या एकदम बंद न करता हळूहळू कमी केल्या, दुसरं औषध दिलं, आणि बोलण्याच्या बैठका सुरू झाल्या. आधी बांधापर्यंत, मग पाणंदीपर्यंत, मग नदी दिसेल तिथपर्यंत, असं आण्णांना टप्प्याटप्प्यानं न्यायला सांगितलं. बरोबर हे जायचे. त्यात ह्यांचंही औषध झालं.

पाटण तालुक्यातल्या माझ्या माहेरीही असाच धसका होता. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. त्यानंतर आजीनं मरेपर्यंत रात्री दाराला कडी लावू दिली नाही. तिकडे लहान धक्के अजूनही बसतात. दर धक्क्याला ती अंगणात जाऊन बसायची आणि घरचे तिला भित्री म्हणायचे. तिला कधी कोणी डॉक्टरकडे नेलं नाही. जुलै २०२१ मध्ये त्याच तालुक्यात आंबेघर आणि मिरगाववर दरड कोसळली, तेव्हा मला वाचलेल्यांच्या पुढच्या रात्रींच्या विचारानं पोटात खड्डा पडला. आमच्याकडे कोयनेचं पाणी कृष्णेतून येतं. एका नदीच्या दोन टोकांना हेच चालू आहे आणि दोन्हीकडे लोक गप्प आहेत.

मदत लांब नाही. आघाताला महिना उलटूनही तेच प्रसंग डोळ्यांपुढे येत असतील, माणूस दचकत असेल, ठरावीक जागा टाळत असेल, तर थांबू नका. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय आहे. दारू हाताबाहेर गेली असेल तर साताऱ्याची परिवर्तन संस्था व्यसनमुक्तीचं आणि मानसिक आरोग्याचं काम करते. कुठेच जाणं जमत नसेल तर १४४१६ हा टेली मानस हेल्पलाइनचा क्रमांक लावा. चोवीस तास, मोफत, मराठीतूनही बोलता येतं. घरात कोणी मरणाची भाषा करत असेल तर त्याला स्पष्ट विचारा, एकटं ठेवू नका, तणनाशकाच्या आणि कीटकनाशकाच्या बाटल्या कुलपात टाका. आणि कोणी औषध प्यायलंच तर पोलिसकेसच्या भीतीनं लपवू नका. २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार असा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरलं जातं. त्याला शिक्षा करायची नसते, उपचार द्यायचे असतात. थेट दवाखाना गाठा.

बरं झाल्यावरही जुलै-ऑगस्ट जड जातात. कोयना धरणातून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की आण्णांचा हात अजून छातीकडे जातो. आता पाण्याची पातळी घरातला एकच माणूस बघतो, सकाळी आणि संध्याकाळी, अधिकृत आकडा. व्हॉट्सॲपवरचे पुराचे व्हिडिओ घरात लावायचे नाहीत. आयर्विनची इशारा पातळी ४० फूट आहे, पण आमची जनावरं त्याच्या बऱ्याच आधी, आण्णा म्हणतील त्या दिवशी, माळावर नातेवाइकांकडे जातात. डॉक्टरांची तारीख आम्ही जूनमध्येच घेऊन ठेवतो, कारण रस्ते पाण्याखाली गेले की मिरज गाठता येत नाही. मधल्या दिवसांच्या गोळ्या सासूबाईंच्या ताब्यात असतात, आणि सातबारा, आधारकार्डं, पासबुकं ज्या प्लॅस्टिकच्या पिशवीत असतात त्याच पिशवीत डॉक्टरांची चिठ्ठीही ठेवलेली असते.