भूसंपादनाचा मोबदला : रक्कम स्वीकारताना घ्यावयाची काळजी

१८९४ च्या भूसंपादन कायद्यात दिलासा रक्कम १९८४ च्या दुरुस्तीनंतरही बाजारमूल्याच्या ३० टक्केच होती. संसदेत चर्चा होऊन २०१३ साली नवा कायदा मंजूर झाला व १ जानेवारी २०१४ पासून तो लागू झाला.

मोबदल्याचा हिशेब : रेडी रेकनरचा दर आणि परिसरातील मागील तीन वर्षांच्या खरेदीखतांपैकी जास्त दराच्या निम्म्या खतांची सरासरी, यांत जे अधिक ते बाजारमूल्य. ग्रामीण भागात त्यास १ ते २ या गुणकाने गुणतात. त्यात विहीर, फळझाडे, घर यांची किंमत मिळवून तेवढीच दिलासा रक्कम देतात. उदा. बाजारमूल्य १० लाख, गुणक २ व झाडे-विहीर २ लाख असल्यास २२ अधिक २२, म्हणजे ४४ लाख रुपये.

काळजी : १) संयुक्त मोजणीच्या वेळी स्वतः हजर राहून प्रत्येक झाडाची व विहिरीची नोंद करून घ्यावी.

२) दर मान्य नसल्यास रक्कम घेताना पावतीवर ‘हरकत राखून स्वीकारली’ असे अवश्य लिहावे. तसे न लिहिल्यास वाढीव मोबदला मागण्याचा हक्क जातो.

३) निवाड्यास हजर असल्यास सहा आठवड्यांत जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करावा. राष्ट्रीय महामार्गाच्या बाबतीत मात्र दाद लवादाकडे मागावी लागते.

४) या कायद्याखालील निवाड्याच्या रकमेवर कलम ९६ नुसार प्राप्तिकर नाही. खासगी कंपनीस परस्पर विकलेल्या जमिनीस ही सवलत नाही.

सही करण्यापूर्वी निवाड्याची प्रत वाचा. जमीन एकदाच जाते.