सुरक्षिततेच्या खाती किती जमा?

'नॅनो' हा शब्द आता विज्ञान शाखेपुरता राहिलेला नाही. रंग, उन्हापासून बचाव करणारी मलमे, खेळाचे साहित्य, औषधे अशा अनेक वस्तूंत नॅनोद्रव्ये आली आहेत. ती निर्धोक आहेत की नाहीत हे शास्त्रज्ञ ठरवतील. पण त्या तपासणीचा खर्च कोणी करावा आणि तो खरोखर झाला की नाही हे कसे पाहावे, हा प्रश्न वाणिज्य शाखेचाही आहे.

एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा शंभर कोटीवा भाग. साधारणपणे १ ते १०० नॅनोमीटर आकाराच्या कणांना नॅनोकण म्हणतात. पदार्थ तोच असताना आकार लहान झाल्याने काय बिघडते? एक साधे गणित पाहू. १ सेंटीमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटीमीटर असते. त्याचेच १ नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले, तर सर्वांचे मिळून पृष्ठफळ ६,००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दीड एकर भरते. वजन तेवढेच, पण शरीरातील पेशींशी संबंध येणारा पृष्ठभाग एक कोटी पट! म्हणून मोठ्या कणांविषयीचा निष्कर्ष नॅनोकणांना आपोआप लागू होत नाही.

आकाराप्रमाणे घडणही महत्त्वाची असते. एडिंबरो विद्यापीठातील संशोधकांनी २००८ साली कार्बनच्या नॅनोनलिका उंदरांच्या उदरपोकळीत सोडून पाहिल्या. लांब नलिकांनी अॅस्बेस्टॉसच्या तंतूंसारखाच दाह निर्माण केला. आखूड, गुंतलेल्या नलिकांनी तसा केला नाही. पुढे २०१३ साली अमेरिकेच्या सरकारी व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने, कामगारांच्या श्वासातील हवेत अशा नलिकांचे प्रमाण घनमीटरला १ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावे, अशी शिफारस केली.

असे ज्ञान बाजारात आपोआप तयार होत नाही. एका कारखानदाराने पैसे घालून धोका शोधला, तर त्याचा लाभ सर्व प्रतिस्पर्ध्यांना फुकट मिळतो आणि बदनामी मात्र त्याच्या मालाची होते. शिवाय उत्पादकाने स्वतःच्या मालाला दिलेल्या प्रशस्तिपत्रावर ग्राहक कितपत विश्वास ठेवणार? अर्थशास्त्रात ज्याला 'सार्वजनिक वस्तू' म्हणतात, तिचे हे उत्तम उदाहरण होय. तिचा खर्च सरकारी तिजोरीतूनच व्हावा लागतो. तो वेळेवर न झाल्यास काय होते, हे अॅस्बेस्टॉसने दाखवले. ब्रिटनमधील स्त्री कारखाना-निरीक्षकांनी त्या धुळीचा धोका १८९८ साली नोंदवला होता. तेथे संपूर्ण बंदी आली १९९९ साली. मधल्या एकशे एक वर्षांची किंमत कामगारांच्या फुफ्फुसांनी मोजली.

परंतु केवळ तरतूद केल्याने काम भागत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय नॅनोतंत्रज्ञान कार्यक्रमाने २००६ या आर्थिक वर्षात सुमारे १३० कोटी डॉलरपैकी ३ कोटी ७७ लाख डॉलर, म्हणजे जेमतेम तीन टक्के, मुख्यतः आरोग्य व पर्यावरणाच्या धोक्यांवरील संशोधनासाठी दाखवले. तेथील संसदेसाठी हिशेब तपासणाऱ्या कार्यालयाने २००८ साली या खात्याची छाननी केली. ११९ प्रकल्पांपैकी २२ प्रकल्प मुळात धोक्याच्या अभ्यासाचे नव्हतेच! त्यांतील अनेकांचा उद्देश नॅनोतंत्राने प्रदूषण दूर करणे किंवा घातक द्रव्ये ओळखणे हा होता. ते संशोधन उपयुक्त खरे. पण औषधाचा उपयोग शोधणे निराळे आणि त्याचा अपाय शोधणे निराळे. लबाडीपेक्षा यात वर्गीकरणाच्या स्पष्ट नियमांचा अभाव अधिक होता. तरीही तीन टक्क्यांच्या त्या तुटपुंज्या रकमेचा जवळजवळ पाचवा हिस्सा कागदावरच सुरक्षिततेचा ठरला.

आपल्या देशातही २००७ साली पाच वर्षांसाठी १,००० कोटी रुपयांचे 'नॅनो मिशन' सुरू झाले. लखनौच्या भारतीय विषविज्ञान संशोधन संस्थेत नॅनोद्रव्यांच्या अपायांचा अभ्यास होतो. अशा प्रत्येक योजनेविषयी नागरिकांनी दोन प्रश्न विचारावेत : एकूण रकमेपैकी धोका शोधण्यासाठी किती? आणि त्या शीर्षाखाली लिहिलेले प्रकल्प खरोखर त्याच कामाचे आहेत का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर अंदाजपत्रकात सापडते. दुसऱ्यासाठी हिशेबतपासनीस लागतो. प्रयोगशाळेत न जाताही आपण वाणिज्याचे विद्यार्थी विज्ञानाची सेवा करू शकतो, ती येथेच.