दात गेलेल्या वृद्धांसाठी नाचणीची खीर

घरातील वृद्धांना भाकरी चावेना, की आपण त्यांच्यापुढे भाताची पातळ पेज ठेवतो. पोट भरल्यासारखे वाटते, अंगी मात्र फारसे लागत नाही. घरात नाचणीची पोती असताना माझी आजी अशीच वाळत गेली.

१०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. नाचणी निवडून, धुऊन रात्रभर भिजवावी. सकाळी पाणी निथळून ओल्या फडक्यात बांधावी. मोड आल्यावर सुकवावी, मोड चोळून काढावेत, दळून पीठ वस्त्रगाळ करावे. मोड आणल्याने पिठातील पिष्ट शिजताना फुटते व खीर घट्ट होत नाही. म्हणजे एका वाटीत पीठ जास्त मावते. दळण्यापूर्वी खरपूस भाजल्यास हा गुण जातो. पीठ थंड पाण्यात कालवून, ढवळत शिजवावे. दूध, थोडे तूप व उतरवल्यावर गूळ घालावा (मधुमेह असल्यास गूळ नको).

परंतु पाणी पितानाच ठसका लागत असेल, तर पातळ खीर देऊ नये. पातळ पदार्थ श्वासनलिकेत लवकर शिरतो. अशांसाठी बिनमोडाच्या पिठाची, चमच्यावरून न ओघळणारी, गुठळ्या नसलेली खीर करावी. ताठ बसवून लहान चमच्याने भरवावी. पहिला घास गिळल्याशिवाय दुसरा देऊ नये. नंतर अर्धा तास आडवे होऊ देऊ नये. ठसका वारंवार लागत असल्यास किंवा खाल्ल्यावर आवाज घरघरत असल्यास घरगुती उपायांवर न थांबता डॉक्टरांना दाखवावे.