सांधेदुखीचा पाठ : कोणता वात?



डिंभ्याच्या धरणावरील खोऱ्यांत आषाढ लागला म्हणजे भाताच्या लावणीची घाई सुरू होते. दिवसभर चिखलांत वाकून राहणें, रोपांचे भारे डोक्यावर वाहणें आणि तिन्हीसांजेस निसरड्या वाटेनें वाडीस परतणें, हें त्या बाजूच्या बायकापुरुषांच्या अंगवळणीं पडलेलें आहे. लावणी आटोपली कीं कोणी ना कोणी चुलीपाशीं गुडघे शेकीत बसलेलें दिसतें. काय झालें म्हणून विचारावें, तर बहुधा एकच उत्तर येतें, "वात आहे." हा शब्द उच्चारला म्हणजे जणूं चौकशी संपली. पुढें लेप, शेक, बाजारची पुडी आणि सोसणें.

आजच्या पाठांत आम्हांस एवढेंच सांगावयाचें आहे कीं, तेथें चौकशी संपत नाहीं. तेथूनच ती सुरू झाली पाहिजे. कोणता वात, हें ज्यानें विचारिलें नाहीं, त्याच्या दुखण्यास योग्य औषध मिळणें दैवावर राहतें.

१. एक शब्द, अनेक रोग

आपल्या जुन्या वैद्यांनीं सर्व सांधेदुखी एका पोत्यांत भरली नव्हती. चरकसंहितेंत वातरक्ताचें वर्णन निराळें केलेलें आहे, आणि माधवकरानें आपल्या माधवनिदानांत आमवातास स्वतंत्र प्रकरण दिलें. पश्चिमेकडेहि हे रोग फार काळ एकमेकांत मिसळले जात. लंडनचे डॉक्टर आल्फ्रेड गॅरॉड यांनीं १८४८ सालीं दाखवून दिलें कीं, वातरक्ताच्या रोग्याच्या रक्तांत युरिक आम्ल प्रमाणाबाहेर असतें. ह्या एका शोधानें तो रोग इतरांपासून वेगळा ओळखितां येऊं लागला. नांव वेगळें झालें तेव्हांच औषधहि वेगळें शोधितां आलें.

आतां आपल्याच पुणें जिल्ह्यांतील उदाहरण घ्या. उजनीच्या जलाशयाजवळ, इंदापूर तालुक्यांत, भिगवण नांवाचें गांव आहे. तेथें १९९६ सालीं डॉ. अरविंद चोपरा व त्यांचे सहकारी यांनीं जागतिक आरोग्य संघटनेच्या योजनेनुसार घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. चार हजारांहून अधिक प्रौढ माणसांस विचारपूस झाली. त्यांपैकीं शेंकडा १८ जणांस हाडें, सांधे वा स्नायु यांचें कांहीं ना कांहीं दुखणें होतें. परंतु आमवात, म्हणजे ज्यानें हातपाय वांकडे होतात तो रोग, दर २०० प्रौढांमागें सुमारें एकासच आढळला.

ह्या आंकड्यांपासून दोन गोष्टी शिकावयाच्या आहेत. पहिली ही कीं, सांधे दुखूं लागले म्हणून लगेच पांगळेपणाच्या भयानें घाबरूं नये. बहुतेकांचें दुखणें त्या प्रकारचें नसतें. दुसरी ही कीं, दोनशांतील तो एक मनुष्य इतरांच्या गर्दींत हरवूं देऊं नये. कारण त्याच्यासाठीं दिवस मोलाचे असतात.

२. मुख्य प्रकारांची ओळख

झिजेचा संधिवात. हा बहुधा पन्नाशीच्या पुढें येतो व गुडघ्यांस अधिक धरितो. चालल्यानें व चढण चढल्यानें तो वाढतो, आणि बसल्यावर उतरतो. सकाळीं अंग आंखडलें तरी अर्ध्या घटकेंत, फार तर अर्ध्या तासांत, मोकळें होतें. ह्यास मांडीचे स्नायु बळकट करणें व वजन आटोक्यांत ठेवणें हे खरे उपाय आहेत. खुर्चीवर किंवा ओट्यावर बसून पाय सरळ करावा, थोडा वेळ तसाच धरावा व हळूच खालीं आणावा. असें रोज नेमानें केल्यास पुष्कळांस गुण येतो.

आमवात. ह्याची चाल अगदीं उलट असते. हा तरुण वयांतहि येतो, आणि पुरुषांपेक्षां स्त्रियांस अधिक होतो. दोन्ही हातांच्या बोटांचे, मनगटांचे व पावलांचे लहान सांधे एकदम सुजतात. सकाळीं तास तासभर मूठ मिटत नाहीं, तांब्या धरवत नाहीं, आणि काम करूं लागल्यावर मात्र थोडें बरें वाटतें. अशी सूज सहा आठवडे टिकली, तर ती थंडीवाऱ्यानें आली असें म्हणून बसूं नये. पहिल्या कांहीं महिन्यांत योग्य औषध सुरू झालें, तर हात वांचविण्याची मोठी आशा असते. एकदां हाड खाल्लें गेलें, म्हणजे तें औषधानें परत येत नाहीं. ज्या बाईचें पोट लावणीवर व खुरपणीवर चालतें, तिचे हात म्हणजे तिचें शेतच होय.

वातरक्त. हें बहुधा पुरुषांस होतें. मध्यरात्रीं एकाएकीं पायाच्या अंगठ्याचें मूळ लाल होऊन सुजतें, आणि वर चादरीचा भारहि सोसवत नाहीं. आठपंधरा दिवसांत तें आपोआप निवळतें, म्हणून मनुष्य विसरतो; परंतु तें फिरून येतें.

चिकुनगुन्याचा सांधेताप. हा दिवसा चावणाऱ्या डांसांपासून होतो. १९७३ सालीं सोलापूर जिल्ह्यांतील बार्शी येथें ह्याची साथ आली होती. पुढें तीस वर्षांहून अधिक काळ तो मोठ्या प्रमाणावर दिसला नाहीं, आणि २००६ सालीं महाराष्ट्रांत फिरून पसरला. आतां तो पावसाळ्याच्या सुमारास पुनःपुन्हां दिसतो. ताप थोड्या दिवसांत उतरतो, परंतु सांधे कित्येक महिने दुखत राहूं शकतात. अशा वेळीं "मला आमवात झाला" असें समजून पुष्कळ लोक व्यर्थ भितात. म्हणून दुखणें तापानें सुरू झालें कीं तापावांचून, हें डॉक्टरांस अवश्य सांगावें.

तरुणाचें पाठदुखणें. विशी-तिशींतील मुलगा पहाटे पाठदुखीनें जागा होतो, सकाळीं त्यास वांकवत नाहीं, आणि हिंडूं फिरूं लागल्यावर बरें वाटतें. तीन महिन्यांवर असें चाललें, तर घरच्यांनीं त्यास आळशी म्हणूं नये. पाठीच्या कण्याच्या एका निराळ्या वातरोगाची ही खूण असूं शकते.

३. ज्यांत एक दिवसहि दवडूं नये

एकच सांधा अकस्मात् सुजला, लाल व कढत झाला, आणि अंगांत ताप भरला, तर त्या सांध्यांत पू होत असण्याचा संभव आहे. त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. जरूर तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. अशा सांध्यास चोळूं नये व डागूं तर मुळींच नये.

पांच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा दुखून गेला, आणि दोनतीन आठवड्यांनीं ताप येऊन आज गुडघा, उद्यां घोटा, परवां कोपर अशी फिरती सूज दिसूं लागली, तर तेंहि तातडीचें समजावें. हा ताप सांधे सोडून जातो, पण हृदयाच्या पडद्यांस धरून ठेवितो. वेळेवर ओळखिल्यास पेनिसिलीनच्या नेमानें दिलेल्या इंजेक्शनांनीं पुढची हानि टाळितां येते.

एकच सांधा हळूहळू महिनोन्महिने सुजत गेला, संध्याकाळीं बारीक ताप येऊं लागला व वजन घटलें, तर क्षयाची तपासणी करून घ्यावी. क्षय केवळ फुप्फुसांचाच असतो असें नाहीं.

४. निदान कसें होतें?

पुष्कळांची समजूत अशी कीं, रक्त दिलें म्हणजे कागदावर रोगाचें नांव छापून येतें. तसें नाहीं. सांध्यांच्या रोगांत डॉक्टरांचा पहिला आधार रोग्याची हकीकत, दुसरा आधार हातानें केलेली तपासणी, आणि त्यानंतर रक्त व क्ष-किरण चित्र. आमवातासाठीं आरए फॅक्टर ही तपासणी करितात. परंतु ती कांहीं खऱ्या रोग्यांत निर्दोष येते, आणि कांहीं निरोगी म्हाताऱ्यांत सदोष येते. अँटी-सीसीपी नांवाची तपासणी अधिक नेमकी आहे, तरी तीहि प्रत्येक रोग्यास पकडीत नाहीं. ईएसआर व सीआरपी ह्यांवरून अंगांत दाह आहे इतकें कळतें. तो कशाचा, हें कळत नाहीं. वातरक्ताचा झटका चालू असतांना रक्तांतील युरिक आम्ल कधीं कधीं साधारण दिसतें; सांध्यांतील पाणी काढून त्यांत स्फटिक पाहणें हा त्याचा पक्का पुरावा. आमवाताच्या आरंभीं क्ष-किरण चित्रहि स्वच्छ येऊं शकतें.

म्हणून कागद चांगला आला आणि सूज तशीच राहिली, तर कागदापेक्षां सुजेवर विश्वास ठेवावा व पुन्हां डॉक्टरांकडे जावें. कधीं कधीं पहिल्या भेटींत नांव ठरत नाहीं. रोग आपलें रूप हळूहळू उघड करितो. "अजून सांगतां येत नाहीं, महिन्यानें दाखवा," असें डॉक्टर म्हणाले, तर तें अज्ञान नव्हे, प्रामाणिकपणा आहे. त्या महिन्याचें टिपण ठेवून ठरल्या दिवशीं जावें. दर आठवड्यास नवा डॉक्टर धरणाऱ्याचें दुखणें मात्र कोणासच पुरतें दिसत नाहीं.

५. रोग्यानें काय बरोबर न्यावें?

एका कागदावर पुढील गोष्टी लिहून न्याव्या. ज्यास लिहितां येत नाहीं त्याच्यासाठीं शेजाऱ्यानें किंवा शाळेंतील मुलानें लिहाव्या.

पहिली, दुखणें कोणत्या महिन्यांत सुरू झालें, आणि तापानें कीं तापावांचून. दुसरी, कोणते सांधे, एका अंगाचे कीं दोन्ही अंगांचे. सूज येते कीं केवळ दुखतें. तिसरी, सकाळीं अंग मोकळें होण्यास किती वेळ लागतो. चौथी, श्रमानें वाढतें कीं विसाव्यानें. पांचवी, अंगावर चट्टे, डोळ्यांची लाली, तोंडांतील फोड, वारंवार जुलाब असें दुसरें कांहीं आहे काय. सहावी, घरांत कोणास असें दुखणें होतें काय. सातवी, आजवर घेतलेलीं सर्व औषधें. झाडपाल्याचीं व पुड्यांचींहि. तीं लाजेनें लपवूं नयेत. सूज दिसत असेल त्या दिवशीं मोबाईलवर तिचें छायाचित्र काढून ठेवावें. कारण रुग्णालयांत जाण्याच्या दिवशीं ती ओसरलेली असते, हा नेहमींचा अनुभव आहे.

६. पुडीपासून सावध

एका दिवसांत गुण देणारी बिननांवाची पुडी दिसली, तर तींत स्टेरॉईड असण्याचा संशय घ्यावा. तिनें दुखणें झांकतें आणि निदान लांबतें. पुढें चेहरा सुजतो, हाडें ठिसूळ होतात, रक्तांतील साखर चढते. परंतु जो पुष्कळ दिवस अशी पुडी घेत आहे त्यानें ती एकाएकीं सोडूंहि नये, कारण त्यांतहि जिवास धोका आहे. पुडी डॉक्टरांस दाखवून त्यांच्या सल्ल्यानें सोडावी. वेदनाशामक गोळ्या मनानें रोज घेतल्यास पोटांत व्रण होतात व मूत्रपिंडें बिघडतात. ताप असेल तर, डेंग्यू नाहीं असें ठरेपर्यंत, डॉक्टरांस विचारून पॅरासिटामॉलवरच भागवावें.

आमवातांत मेथोट्रेक्सेट हें औषध पुष्कळदां देतात. तें आठवड्यांतून एकदांच घ्यावयाचें असतें. रोज घेतल्यास तेंच विष होतें. म्हणून वार ठरवून दिनदर्शिकेवर खूण करावी. गर्भवतीनें व मूल हवें असलेल्या स्त्रीनें तें घेऊं नये. डॉक्टरांस आधींच सांगावें.

७. कोठें जावें?

डिंभे व त्यावरील वाड्यांच्या लोकांनीं प्रथम जवळच्या आरोग्य केंद्रांत जावें. वाट गांवची आशाताई सांगेल. घोडेगांव येथें ग्रामीण रुग्णालय आहे आणि मंचर येथें उपजिल्हा रुग्णालय आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क करण्यांत आले. तेथें निदान ठरलें नाहीं, तर पुण्याच्या ससून रुग्णालयासाठीं चिठ्ठी मागावी. चिठ्ठी मागण्यांत संकोच कसला? "माझ्या दुखण्याचें नांव काय, तें कशावरून ठरलें, आणि फिरून केव्हां येऊं?" हे तीन प्रश्न विचारण्याचा प्रत्येक रोग्यास अधिकार आहे. उत्तर कळलें नाहीं तर नम्रपणें पुन्हां विचारावें.

गांवांतील लिहितेवाचते बंधु व भगिनी यांस आमची विनंति आहे कीं, त्यांनीं असा एखादा रोगी पाहून त्याचा कागद लिहून द्यावा, आणि जमल्यास त्याबरोबर एस्टीनें घोडेगांवापर्यंत जावें. दुखणाऱ्या मनुष्यास उपदेशापेक्षां सोबतीची गरज अधिक असते. "वात आहे" म्हणून जी माउली चुलीपाशीं बसली आहे, ती कदाचित् त्या दोनशांतील एक असेल. तिच्या बोटांची सूज आज पाहिली, तर पुढच्या आषाढांत ती खाचरांत उभी राहील.

अभ्यासाचे प्रश्न

१. झिजेचा संधिवात व आमवात यांत सकाळच्या वेळीं कोणता भेद दिसतो?
२. कोणत्या दोन प्रसंगीं रोग्यास तातडीनें न्यावें?
३. रक्ताचा कागद चांगला आला, तरी पुन्हां डॉक्टरांकडे केव्हां जावें?
४. मेथोट्रेक्सेट आठवड्यांतून किती वेळां घ्यावें?
५. आपल्या वाडींत सहा आठवड्यांहून अधिक काळ बोटें सुजलेलें कोणी आहे काय? त्यासाठीं ह्या आठवड्यांत आपण काय कराल?