नळीला पाती कशासाठी?

भात शिजत असताना भांड्यावरचे झाकण उचलले, की त्याच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसतात. वाफ थंड झाकणाला लागली आणि तिचे पाणी झाले. या क्रियेला संघनन म्हणतात. १०० अंश सेल्सिअस तापमानाच्या १ ग्रॅम वाफेचे पाणी होताना सुमारे ५४० कॅलरी सुप्त उष्णता बाहेर पडते. वाफेचा चटका उकळत्या पाण्याहून जास्त बसतो, तो यामुळेच.

मोठ्या इमारतींच्या वातानुकूलन यंत्रांत याच क्रियेचा उपयोग करतात. तेथे प्रशीतक नावाचा पदार्थ इमारतीतील उष्णता घेऊन वाफ बनतो. कॉम्प्रेसर ही वाफ दाबून संघनकात पाठवतो. अशा संघनकात एका मोठ्या नळकांड्यात तांब्याच्या पुष्कळ नळ्या आडव्या बसवलेल्या असतात. नळ्यांच्या आतून थंड पाणी वाहते. बाहेरून प्रशीतकाची वाफ त्यांना लागते आणि तिचा द्रव होऊन खाली ठिबकतो.

यातली एखादी नळी हातात घेतली, तर बहुधा ती गुळगुळीत लागणार नाही. बोल्टवर आटे असतात, तशी तिच्यावर सुमारे १ मिलिमीटर उंचीची बारीक पाती काढलेली असतात. ही पाती कशासाठी?

‘पृष्ठभाग वाढवण्यासाठी,’ असे तुम्ही म्हणाल. उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. पात्यांमुळे पृष्ठभाग समजा तिप्पट झाला, तर उष्णतेचे वहन तिपटीहूनही अधिक वाढू शकते. मग हे जास्तीचे कोठून आले?

द्रवाचीच आडकाठी

वाफेचा द्रव झाला, की तो नळीवर पातळ थर होऊन पसरतो. मागून येणाऱ्या वाफेची उष्णता या थरातूनच नळीपर्यंत पोचते. जर्मन अभियंते विल्हेल्म नुसेल्ट यांनी १९१६ साली या थराचे गणित मांडले. खरा अडथळा धातूचा नसून थराचा आहे, हे त्यातून स्पष्ट होते.

आर-१३४ए या प्रशीतकाचे उदाहरण घेऊ. तांब्याची उष्णतावाहकता या द्रवाच्या सुमारे ५,००० पट आहे. म्हणजे ०.०५ मिलिमीटर जाडीचा थर उष्णतेला सुमारे २५ सेंटिमीटर जाडीच्या तांब्याच्या भिंतीइतका अडवतो! तेव्हा थर जितका पातळ, तितके संघनन जलद.

थर पातळ करण्याचे काम पात्यांची टोके करतात. लहान थेंबाच्या आतला दाब मोठ्या थेंबापेक्षा जास्त असतो, कारण त्याचा पृष्ठभाग अधिक वक्र असतो. पात्याच्या टोकावर थर असाच बाहेर फुगलेला असतो, म्हणून तेथे दाब जास्त. पात्याच्या मुळाशी द्रवाचा पृष्ठभाग खोलगट असतो, म्हणून तेथे दाब कमी. साहजिकच पृष्ठताणामुळे द्रव टोकाकडून मुळाकडे ओढला जातो आणि टोकावरचा थर अतिशय पातळ राहतो. पृष्ठताणाचा असा उपयोग होऊ शकतो, हे ग्रेगोरिग यांनी १९५४ साली दाखवले.

मग पाती आणखी दाट का नको?

एक सोपा प्रयोग करा. एक दाट दातांची फणी आणि एक रुंद दातांचा कंगवा पाण्यात बुडवून, दात खाली करून धरा. कंगव्यातले बरेचसे पाणी गळून जाते. फणीच्या दातांत ते अडकून राहते.

नळीवरही तसेच होते. पाती फार दाट असली, तर नळीच्या खालच्या भागात त्यांच्यामधली जागा द्रवाने भरून जाते. मग तेवढा भाग जवळजवळ वाया गेला! जो पृष्ठताण टोकावर मदत करतो, तोच खाली अडवणूक करतो. आर-१३४एचा पृष्ठताण पाण्याच्या सुमारे एक-नवमांश आहे. म्हणून त्याच्यासाठी एका इंचात पंचवीस-तीस पाती चालतात.

हा विचार केवळ पुस्तकी नाही. संघनन नीट झाले नाही, तर संघनकातील तापमान व दाब वाढतात. कॉम्प्रेसरला अधिक जोर लावावा लागतो आणि तितकीच थंडी मिळवण्यासाठी वीज जास्त जळते. मिलिमीटरभर उंचीच्या पात्यांवर विजेची ही बचत अवलंबून असते.

विचार करा

१. प्रशीतकासाठी केलेली दाट पात्यांची नळी पाण्याच्या वाफेसाठी वापरली, तर काय होईल?

२. आर-१३४एच्या ०.०२ मिलिमीटर जाडीच्या थराचा अडथळा तांब्याच्या किती जाड भिंतीइतका असेल?